शाल-श्रीफळाच्या पलीकडे : १०८ वाल्यांचे हुनर आणि त्याची कदर

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कापड व्यापाराचे काय झाले, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. लग्नसराई बुडाली, ईदचा सीझन दोन वेळा हातचा गेला, नगरच्या कापड बाजारात कुलुपांवर धूळ बसली. त्या काळात एक माल मात्र थोडाफार उठत होता, तो म्हणजे सत्काराची शाल. टाळेबंदी जरा सैल झाली की कोणत्या ना कोणत्या मंडळाचे, पतसंस्थेचे किंवा पक्षाचे लोक येत आणि दहा, वीस, पन्नास शाली घेऊन जात. 'कोविड योद्धा' सत्कार! भाव करताना त्यांचे म्हणणे एकच असे, फोटोत चांगली दिसली पाहिजे. यादीत डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार आणि अगदी शेवटी अ‍ॅम्ब्युलन्सवाले. शालीचा भावही यादीप्रमाणे खाली उतरत जाई. आम्ही व्यापारी माणसे. माल दिला, पैसे घेतले.

सत्कार झाला यात वाईट काही नाही. परंतु कारीगराचा सत्कार आणि कारीगराची कदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वाचकांपैकी ज्यांचा हात सुईवर, मागावर किंवा करवतीवर चालतो त्यांना हे चांगले ठाऊक आहे. कारीगराला हवे असते ते इतकेच की, आपल्या हुनराला नाव असावे, कुठल्यातरी वहीत आपली नोंद असावी, मजुरी ठरल्या दिवशी मिळावी आणि केलेले काम कसे उतरले हे कधीतरी कानावर यावे. अ‍ॅम्ब्युलन्सवर राबणाऱ्यांना यातले काय मिळते, याची चौकशी आम्ही गेले काही महिने सवडीने करीत आहोत. रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो, गाडीच्या आत डोकावलो, ओळखीच्या काही जणांना विचारले. त्यातून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम नावाचीच गोष्ट घ्या. आमच्या धंद्यात प्रत्येक हुनराला नाव आहे. विणणारा विणकर, रंगवणारा रंगारी, शिवणारा दर्जी, फाटलेले बेमालूम जोडणारा रफूगर, गाठी उचलणारा हमाल. रस्त्यावर पडलेल्या माणसाचा श्वास रुग्णालयाच्या दारापर्यंत टिकवून धरणाऱ्याला आपण काय म्हणतो? 'अ‍ॅम्ब्युलन्सवाला', नाहीतर नुसतेच 'एकशे आठ'. 'एकशे आठ आली का?' म्हणजे माणूस नव्हे, गाडीच आली!

ही १०८ ची सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादला हा क्रमांक प्रथम चालू झाला होता. आपल्या राज्याने ९३७ गाड्या रस्त्यावर आणल्या. त्यात २३३ गाड्या व्हेंटिलेटर वगैरे साधने असलेल्या अ‍ॅडव्हान्स प्रकारच्या आणि ७०४ बेसिक प्रकारच्या. त्या चालवण्याचे काम पुण्याच्या भारत विकास ग्रुपकडे, म्हणजे बीव्हीजीकडे देण्यात आले, आणि नियंत्रण कक्ष पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात उभा राहिला. २०२४ साली शासनाने दहा वर्षांचा नवा ठेका दिला. त्यात लहान बाळांसाठीच्या गाड्या, मोटारसायकली आणि बोटी धरून एकूण १,७५६ वाहने ठरली.

इतर राज्यांत गाडीच्या मागच्या भागात ईएमटी बसतो, म्हणजे आपत्कालीन सेवेचे शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ. महाराष्ट्राने मात्र प्रत्येक गाडीत डॉक्टर बसवला. हे डॉक्टर प्रामुख्याने आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथीचे पदवीधर. कागदावर त्यांचे पद 'आपत्कालीन वैद्यकीय सेवा अधिकारी' आणि गाडी चालवणाऱ्याचे पद 'पायलट'. नावे मोठी आहेत, पण बाजारात ती कोणी उच्चारीत नाही. मालेगावच्या मन्सुरा येथील तिब्बिया कॉलेजातून, पुण्याच्या आझम कॅम्पसमधील युनानी कॉलेजातून किंवा मुंबईत वर्सोव्याच्या कॉलेजातून बीयूएमएस होऊन बाहेर पडलेल्या आमच्या मुलामुलींसाठी या नोकरीचे दार उघडले. त्यांच्या घरी जाऊन विचारले तर वडील जरा कचरतच सांगतात, सध्या गाडीवर आहे, पुढे दवाखाना टाकणार आहे. दवाखान्यात खुर्ची असते, पाटी असते. गाडीवर पाटी नाही. मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर तिथला एमबीबीएस झालेला तरुण डॉक्टर यांना आपल्या बरोबरीचा मानील याचा भरवसा नाही, आणि ज्या वस्तीतून रुग्ण उचलला तिथे लोक यांना ड्रायव्हरचा जोडीदार समजतात. अशी ही मधली जागा आहे.

आता आमचा जिल्हा पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला, बाजारात अजून नगरच. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. वायव्येला अकोल्याचे डोंगर, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, आग्नेयेला जामखेड. अकोल्याहून जिल्ह्याच्या गावी यायचे तर शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता. मधून पुणे-नाशिक, नगर-मनमाड आणि कल्याण-विशाखापट्टणम असे मोठे रस्ते जातात, कोपरगावकडून समृद्धी महामार्ग जातो, शिर्डी आणि शिंगणापूरची रात्रंदिवस वर्दळ असते. दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागे दिवा नसताना चालतात. पाठीमागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती धडकल्यावरच. गाळपाच्या महिन्यांत रात्रपाळी कशी जाते, हे गाडीवरच्या कोणालाही विचारावे. डोंगराकडच्या तालुक्यांत सर्पदंश, अडलेली बाळंतीण, क्वचित बिबट्याचा हल्ला. एका गाडीच्या वाट्याला हे सगळे येते, आणि एका पाळीत यातले काय येईल हे आधी कळत नाही. दर्ज्याला निदान माहीत असते की आज शेरवानी आहे की लेंगा!

त्यांच्या कामात कापडाचा संबंध किती येतो हे पाहून आम्हाला नवल वाटले, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. अपघातातल्या माणसाच्या अंगावरचे कपडे ते काढीत नाहीत, कापतात. हात-पाय ओढून सदरा काढला तर मोडलेले हाड आणखी सरकते, मानेच्या मणक्याला धक्का बसला तर माणूस जन्माचा अपंग होतो. यासाठी त्यांच्याकडे वेगळी कात्री असते. तिचे खालचे पाते टोकाला बोथट आणि चपटे, म्हणजे कातडीला न टोचता कापडाखालून सरकत जाते. जीन्सची जाड शिलाईसुद्धा कापते. आमच्या दर्जी बांधवांनी ती एकदा हातात घेऊन पाहावी. आता नवा कपडा कापला म्हणून नातेवाईक भांडायला उठतात. लग्नसराईत तर हमखास. जरीची साडी आहे, कापू नका. डॉक्टर एका हाताने रक्त दाबून धरतो आणि तोंडाने साडीचा हिशेब देतो.

रक्त थांबवण्यासाठी लोक हाताला येईल ते गुंडाळतात, बहुधा सिंथेटिक ओढणी किंवा टेरिकॉटचा रुमाल. पॉलिस्टर रक्त शोषत नाही, ते खालून वाहतच राहते आणि वरून पट्टी कोरडी दिसते. सुती, स्वच्छ, धुतलेले कापड जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरणे हाच पहिला इलाज. भाजलेल्या माणसाच्या अंगावर नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून चिकटलेले असते. घाबरलेले लोक ते ओढून काढतात, त्याबरोबर कातडी येते. जाणकार माणूस चिकटलेला भाग तसाच राहू देतो, बाजूचे कापड कापतो आणि भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडतो. टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फही नाही.

बाळंतपण गाडीतच झाले तर बाळ जन्मताच कोरडे करून आईच्या छातीशी उबदार ठेवावे लागते, ओले बाळ फार लवकर थंड पडते. अशा वेळी घरचे लोक मोठ्या हौसेने दुकानातून आणलेले कोरे कापड पुढे करतात. आम्ही कापडवाले हे जाणतो की कोऱ्या कापडाला खळ असते, ते पाणी शोषत नाही. चार वेळा धुतलेली जुनी मलमल किंवा आजीचे मऊ लुगडे, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेले असेल तर, त्याहून शतपट चांगले. ग्राहकाचे नुकसान करणारी ही माहिती नाही, तेव्हा गल्ल्यावर बसूनही सांगायला हरकत नाही. हात मोडल्यावर गळ्यात अडकवायची झोळी म्हणजे दुसरे काही नसून मांजरपाट आहे. एक मीटर पन्ह्याच्या कापडाचा मीटरभर चौकोन कर्णरेषेत कापला की दोन झोळ्या होतात. दुकानात तुकडे पडलेलेच असतात.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम छाती दाबण्याचे. हृदय बंद पडले की छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी किमान पाच सेंटिमीटर खोल दाबावे लागते. दोन माणसे असतील तर दर दोन मिनिटांनी पाळी बदलावी असा नियम आहे, कारण त्यानंतर थकव्याने दाब उथळ पडू लागतो आणि करणाऱ्याला ते जाणवतही नाही. आता गाडीत माणसे साधारणतः दोन. एक स्टिअरिंगवर, म्हणजे मागे एकच. रस्ता नगर जिल्ह्यातला, वळणे आणि खड्डे. एका हाताने वरची दांडी धरावी तर छाती दाबायला दोन्ही हात लागतात. अशा अवस्थेत पंधरा-वीस मिनिटे काम करून जो माणूस उतरतो, त्याचे हात थरथरत असतात. रुग्णालयाच्या दारात लोक त्याला म्हणतात, इतका वेळ का लावला?

उचलण्याचेही तसेच. मणक्याला मार लागलेल्या माणसाला सरळ ठेवून एका कुशीवर वळवायला आणि फळीवर घ्यायला चार माणसे लागतात, एक डोक्याशी आणि तीन बाजूला. गाडीबरोबर दोघे आलेले असतात, म्हणजे उरलेले दोघे जमलेल्या गर्दीतून घ्यावे लागतात. येथे आमच्या हमाल बांधवांचा अनुभव कामी येतो. कमरेतून न वाकता गुडघ्यातून उठणे, एका इशाऱ्यावर सर्वांनी मिळून उचलणे त्यांना शिकवावे लागत नाही. फक्त इशारा कोणाचा हे ठरलेले पाहिजे, आणि तो डोक्याशी बसलेल्याचा. गर्दीतला प्रत्येक जण उस्ताद झाला की फळी वाकडी होते.

कोविडच्या उन्हाळ्यात हेच सारे त्यांना पांढऱ्या सूटमध्ये करावे लागले. तो सूट आपल्याच धंद्यातला. मार्च २०२० पूर्वी आपल्या देशात असे सूट जवळजवळ बनत नव्हते, आणि मे महिन्यात रोज दोन लाख बनू लागले, ही शिवणकाम करणाऱ्यांची कमाल होती. पण न विणलेल्या कापडावर प्लॅस्टिकचा थर आणि प्रत्येक शिलाईवर टेप, म्हणजे हवा आत नाही आणि घाम बाहेर नाही. नगरचे मे महिन्याचे ऊन आणि त्या पोशाखात पाळी! त्या साली मार्च अखेरीस केंद्र शासनाने कोविडच्या कामावरील आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले आणि त्यात कंत्राटी व बाहेरून घेतलेल्या माणसांनाही धरले. शालीपेक्षा हा कागद किती मोलाचा होता, हे ज्याच्या घरी बायकामुले आहेत त्याला समजेल.

येथे मुद्दा येतो तो नोकरीचा. ही माणसे शासनाची सेवा देतात, गाडीवर शासनाचे नाव असते, पण ती शासनाची नोकर नाहीत, ठेकेदाराची आहेत. ठेका म्हणजे निविदा, निविदा म्हणजे मुदत. ठेका बदलला की मागच्या दहा वर्षांची नोकरी धरली जाणार का, भविष्य निर्वाह निधीचे खाते नीट पुढे चालणार का, हे प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतात. ठोक व्यापारी या नात्याने आम्ही निविदेच्या विरुद्ध नाही. कमी दरात चांगला माल मिळावा हे आम्हीही पाहतो. परंतु गाडी, ऑक्सिजन आणि डिझेल यांचा दर बाजार ठरवतो, त्यात काटकसरीला फारशी जागा नसते. मग शेवटी दर उतरतो तो माणसाच्या पगारात आणि पाळीच्या तासांत. सुताचा भाव चढला आणि साडीचा ठोक दर तोच राहिला तर विणकराच्या मजुरीचे काय होते, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. तोच हिशेब.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे त्यात बंधनकारक आहे. ही तरतूद अ‍ॅम्ब्युलन्सच्या ठेकेदारालाच आहे असे कोणी समजू नये. दुकानातल्या पोऱ्यापर्यंत ती येते.

कदर आपोआप येत नाही आणि आलेली टिकतेच असेही नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ साली फ्रीडम हाऊस नावाची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा निघाली. त्याकाळी तिथे आजारी माणसाला पोलिसांच्या गाडीत किंवा प्रेत नेणाऱ्या गाडीत टाकून नेत. डॉ. पीटर साफर या मोठ्या डॉक्टरांनी हिल भागातल्या बेकार काळ्या तरुणांना, ज्यांना कोणी कामावर घेत नव्हते, श्वास आणि हृदय सांभाळण्याचे पूर्ण शिक्षण दिले. ही मुले इतकी तयार झाली की पुढे पॅरामेडिक हा पेशाच त्यांच्या नमुन्यावर उभा राहिला. डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी त्यांच्याबरोबर काम करीत या पेशाचे पाठ्यपुस्तक लिहिले. आणि १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली तेव्हा यातल्या बहुतेकांना हळूहळू बाहेर पडावे लागले. ज्यांनी हुनर घडवले त्यांची नावे वहीत राहिली नाहीत.

उलट उदाहरण आमच्याच धंद्यातले. काठियावाडच्या बांटवा गावचे मेमन अब्दुल सत्तार ईधी फाळणीनंतर कराचीला गेले. तिथे फेरीवाल्याचे काम केले आणि मग ठोक बाजारात कापडाची दलाली धरली. १९५१ साली छोट्याशा जागेत दवाखाना उघडला, पुढे एक जुनी गाडी घेतली आणि ती अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून स्वतः चालवली. २०१६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या संस्थेची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या सेवाभावी अ‍ॅम्ब्युलन्स ताफ्यांत होत होती. कापडाच्या दलालाला गल्ली-बोळ, तातडी आणि उधारी यांची जाण असते, ती त्यांनी या कामात लावली असे आम्हाला वाटते. मुंबईत २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या १२९८ या सेवेचा हिशेबही व्यापाऱ्यांनी पाहण्यासारखा आहे. रुग्ण महागड्या खासगी रुग्णालयात चालला असेल तर पूर्ण भाडे, सरकारी रुग्णालयात चालला असेल तर सवलत, आणि रस्त्यावर बेवारस पडलेल्याला काहीच नाही. ग्राहकाची ऐपत त्याच्या तोंडाला न विचारता ठरवण्याची ही रीत आम्हाला आवडली.

आणि फार लांब कशाला, आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या शाळेत न गेलेल्या बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचे आरोग्य दिले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, परदेशातून डॉक्टर शिकायला येऊ लागले. पण पुरस्काराच्या आधीच गावाने त्या बायकांना ओळख दिली होती, बाळंतपणाला आधी त्यांनाच हाक जायची. या जिल्ह्याला हुनराची कदर करणे जमत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

कायद्यानेही आता काही पावले टाकली आहेत. मार्च २०२१ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय कायद्याने सहाय्यक आरोग्य व्यवसायांची यादी केली, त्यात पॅरामेडिक हा पेशा नावानिशी आहे. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि नोंदणीची वही अशी त्याची रचना आहे. वकिलाला सनद असते, डॉक्टराला नोंदणी असते, तशी या कामाला सनद मिळण्याचा हा रस्ता. बारावीनंतर मुलगा काय करील याची चिंता करणाऱ्या पालकांनी तो ध्यानात ठेवावा. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासावी, कारण 'पॅरामेडिकल' अशी पाटी लावून फी उकळणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर कोठेही नोंदणी होत नाही. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्या सामान्य माणसाला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आले. जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला 'राहवीर' म्हणून २५ हजार रुपये बक्षीसही आहे. ज्यांची ही रोजचीच नोकरी आहे त्यांना ते नाही, आणि ते मागतही नाहीत.

मागतात ते वेगळेच. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी बहुतेकांच्या बोलण्यात एक गोष्ट आली. रुग्णाला कॅज्युअल्टीच्या दारात सोपवले की त्यांचे काम संपते, गाडी पुसून पुढच्या कॉलला जायचे. तो माणूस वाचला की नाही, हे त्यांना बहुधा कळतच नाही. रुग्ण बेशुद्ध होता, त्याला यांचा चेहरा आठवत नाही. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव असते, रस्त्यात ज्याने श्वासाची वाट मोकळी ठेवली त्याचे नसते. आमच्या धंद्यात रंग उतरला तर ग्राहक दुसऱ्या दिवशी कापड घेऊन दारात उभा, आणि टिकला तर पुढच्या ईदला मेहुण्याला घेऊन येतो. कारीगर यातूनच शिकतो; माल परत आला नाही तर रंगाऱ्याला आपला रंग कच्चा आहे हे कधी समजायचे? अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या डॉक्टरला ही सोय नाही. बांधलेली पट्टी बरोबर होती का, उचलताना चूक झाली का, दिलेला ऑक्सिजन पुरला का, हे सांगायला कोणी येत नाही. रुग्ण बरा होऊन घरी आला की कुटुंबातील एकाने जवळच्या ज्या रुग्णालयाच्या आवारात ती गाडी उभी असते तिथे जाऊन तारीख, वेळ आणि उचलल्याचे ठिकाण सांगावे. रुग्ण वाचला नसेल तरी सांगावे. चहा पाजला नाही तरी चालेल. त्यांच्या दृष्टीने ही बातमीच मोठी आहे.

आता बाजारापुरते. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ पासून आहे. पण हातगाडी, ओट्यावर मांडलेली गाठ आणि रस्त्यात पुढे आलेला पुतळा यांना हा दंड लागत नाही. कापड बाजारात संध्याकाळी कोणाला छातीत कळ आली तर गाडी तोंडाशीच थांबणार आणि पुढे स्ट्रेचर चालत येणार, हे आपण सर्व जण जाणतो. स्ट्रेचर साधारण दोन फूट रुंद, दोन्ही बाजूंना धरणारी माणसे धरून पुरी वाट म्हणजे एका साडीचा पन्हा, ४५ इंच. तेवढी पट्टी गल्लीच्या मधोमध मोकळी राहील असे दुकानदारांनी आणि हातगाडीवाल्यांनी मिळून ठरवले तर कोणाच्या धंद्याला धक्का लागत नाही. दुसरे म्हणजे पत्ता. फोन पुण्याला लागतो, उचलणाऱ्याला आपला पानवाला माहीत नसतो. गाव, तालुका, रस्ता आणि मोठी ओळखीची खूण या क्रमाने सांगावे, फोन चालू ठेवावा, कारण गाडीतून डॉक्टरच परत फोन करतात, आणि एक मुलगा रस्त्याच्या तोंडाशी उभा करावा. हे चार शब्द दुकानाच्या गल्ल्यामागे लिहून ठेवावेत.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आणि दिवाळीच्या आठवड्यात ही वाट सर्वांत आधी बुजते. तेव्हा गल्लीची बैठक घ्यायची तर ती त्यापूर्वी घ्यावी लागेल, आणि तीत हातगाडीवाल्यांनाही बोलवावे लागेल.